अम्मा असेपर्यंतचं लग्न

अहो, तुम्ही गेलात त्याला आज पस्तीस दिवस झाले, आणि माझा तुमच्यावरचा संशय अजून फिटलेला नाही.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मलाही कळतं. बाकीचे सगळे चांगलंच बोलतायत. जो येतो तो दाराबाहेर उभा राहून तुमची तारीफ करतो. हसनभाईंनी एसी फुकट दुरुस्त करून दिला, हसनभाई मयतीला सगळ्यांच्या आधी पोचायचे, हसनभाईंचा आवाज कधी चढला नाही. मी दाराआड खुर्ची टाकून ऐकते. इद्दतीत आहे ना मी! चार महिने दहा दिवस उंबरठा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. भाजी शेजारची भाभी आणून देते. मग दिवसभर करायचं काय? तुमची उलटतपासणी. जिवंत असताना करायला गेले की तुम्ही "बरं, बरं" म्हणायचात आणि चहा मागायचात. आता मागा चहा.

मला फार काही नको. एकच गोष्ट कळायला हवी. अम्मा गेल्यानंतर तीन वर्षं तुम्ही मला इथं राहू दिलंत, ते माझ्यासाठी, की आखातातल्या या उम्म अल हस्सममधल्या दोन खोल्यांसाठी? बायको असली तर कंपनीचा फ्लॅट, नसली तर हिद्दला बॅचलर लोकांच्या खोलीत सहाजणांबरोबर पलंग. हा हिशेब मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. तुम्हीच तर लिहिला होतात.

ते पत्र आहे माझ्याकडे. लग्नाची मागणी घालणारं असलं पत्र कोकणात कुणी लिहिलं नसेल. "माझ्या आईची दृष्टी गेली आहे. गावात तिचं बघणारं कोणी नाही. कंपनी फक्त कुटुंबवाल्यांना फ्लॅट देते. घरात एक समजूतदार बाई हवी आहे. अम्मा आहे तोवर थांबावं, ही विनंती. त्यानंतर तुम्हाला परत यावंसं वाटलं तर मी अडवणार नाही, शब्द देतो." खाली सही, तीही टाइमशीटवर करतात तशी. मुदतीचं लग्न आपल्यात चालत नाही. मौलवीसाहेबांच्या कानावर हे गेलं असतं तर त्यांनी निकाह पढवलाच नसता. म्हणून ते तुमच्या माझ्यात राहिलं.

आणि खरं सांगू? मला ते पत्र आवडलं होतं. माझा पहिला नवरा भारी गोड बोलायचा, अकरा महिन्यांत घरी पाठवलं त्यानं. मग बारा वर्षं भाईजानच्या घरात, मधल्या खोलीत. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, तेही कुणाच्या तरी रजेच्या जागेवर. ती जागा गेली आणि त्याच महिन्यात तुमचं पत्र आलं. भाईजानला मधली खोली मुलासाठी हवी होती, तुम्हाला बाई हवी होती, मला दार हवं होतं. सगळ्यांची सोय झाली. मी हो म्हटलं.

निकाह फोनवर. आखाती युद्ध संपून दोन वर्षं झाली होती, तुम्हाला सुट्टी मिळत नव्हती. आता असे निकाह कितीतरी होतात, तेव्हा गावाला नवल होतं. माझ्या मामूंच्या दुकानात फोन होता, मी आतल्या खोलीत. निकाहात माझ्या वतीनं बोलणारा वकील आणि दोन साक्षीदार मला विचारून गेले, मी कबूल म्हटलं. बाहेर मामू रिसीव्हर कानाला घट्ट धरून ओरडत होते, "हालो! हालो! मोठ्यानं बोल!" मग म्हणाले, "म्हणाला, म्हणाला, तीनदा म्हणाला," आणि लाईन कट झाली. म्हणजे तुमचं कबूल मी माझ्या कानांनी ऐकलेलंच नाही. मामूंच्या भरवशावर मी विमानात बसले. मामूंना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, आणि फोन डाव्याच कानाला होता, हे मी दाराच्या फटीतून बघितलं होतं.

मुहर्रकच्या विमानतळावर तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंत ते पायांकडे. "ही चप्पल इथं चालायची नाही," म्हणालात. सलाम राहिला बाजूला. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना जाड तळव्याच्या चपला घेऊन आलात, मापही बरोबर. दुसरी कोणी असती तर हरखली असती. मी म्हटलं, अम्मांना हाताला धरून न्हाणीत न्यायचं तर हिचा पाय घसरून चालणार नाही, म्हणून ही काळजी. सहा वर्षं मी तसंच मोजलं. तुम्ही साफी मासळी आणलीत की मी पिशवीचा वास घेऊन विचारायचे, "आज का? मासळीवाला टाकून देत होता?" तुम्ही हसायचात. तुमच्या हसण्याचाही मला संशय यायचा.

आता या सगळ्यात त्या पुस्तकांची काय भानगड, ते लिहिते. तुम्हाला ठाऊक आहे, पण लिहिल्याशिवाय माझं डोकं चालत नाही.

मनामाच्या बाजारात तो जुन्या पुस्तकांचा दुकानदार होता. मायदेशी परत निघालेल्या गोऱ्या मडमा त्याला खोकी भरभरून पुस्तकं देऊन जायच्या. तुम्ही अम्मांचं औषध घ्यायला गेलात आणि मला तिथं उभं केलंत. मी सहज एक उचललं. मुखपृष्ठावर एक तरणीताठी बाई, गळा जरा जास्तच उघडा, आणि मागे गुडघ्यापर्यंत बूट घातलेला पुरुष. मागच्या पानावर वाचलं आणि तिथंच थिजले. त्या ड्यूकला आजोबांच्या मृत्युपत्रामुळे वर्षाच्या आत लग्न करायचंय, नाहीतर इस्टेट जाणार. हिला डोक्यावर छप्पर नाही. तो म्हणतो, एक वर्ष माझी बायको म्हणून राहा, मग तू मोकळी. प्रेमाची भाषा नको.

म्हटलं, अरेच्चा! हे तर माझंच पत्र.

मग मला नादच लागला. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, राजा वेडा झालेला, त्याचा मुलगा त्याच्या नावानं कारभार करतोय, आणि सगळे सरदार नुसते नाचायला आणि कोमट सरबत प्यायला जातायत. रीजन्सी म्हणतात त्या काळाला. तशी पुस्तकं ढिगानं निघतात. आणि त्यातल्या अर्ध्या पुस्तकांत हेच, सोयीचं लग्न. कधी मृत्युपत्र, कधी बदनामी, कधी पोरकी भाची सांभाळायला बाई हवी. नवऱ्याची खोली वेगळी, बायकोची वेगळी, मध्ये एक दार. दोनशे पानं ते दार उघडत नाही. मी मल्याळी पेपरची कव्हरं घातली सगळ्यांना, ते उघडे गळे अम्मांना दिसू नयेत म्हणून. अम्मांना दिसत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं दहावं कव्हर घालताना.

अम्मांनी पानांचा आवाज ओळखला. "काय वाचतंस गो? मोठ्यानं वाच." मी म्हटलं, इंग्रजी आहे. "मग आपल्या बोलीत सांग." झालं. तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर चहा, आणि चहाबरोबर ड्यूक. अम्मांचे प्रश्न भलतेच असायचे. "त्याला आई नाय काय? बहिणी? मग त्याला समजवणार कोण?" लग्न सोयीचं आहे, यात त्यांना काहीच वावगं वाटायचं नाही. "लग्न सोयीचाच असता गो. गैरसोयीचा कोण करील?" तुम्ही पहिल्या पाळीवरून आलेले असायचात, बाहेरच्या खोलीत इस्त्री करत. एक शर्ट तासभर चालायचा. मला वाटायचं, ही मला लाज आणायची रीत आहे, बायको घरात असून नवरा इस्त्री करतोय म्हणून. एकदा शर्टाची बाही जळली, तेव्हा अम्मा म्हणाल्या, "तो ऐकतंय." मी विश्वास ठेवला नाही.

अम्मा शहाण्णवच्या उन्हाळ्यात गेल्या. माझ्या हातावर गेल्या, शेवटचं पाणी मी पाजलं. त्यांचं करताना मी कधी कंत्राट आठवलं नाही, एवढं तुम्हाला माहीत असू दे. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली, मला आई मिळाली ती तेहतिसाव्या वर्षी, तीही तुमच्या अटीत बसलेली.

चाळिसावं झालं. पाहुणे गेले. मी कपाटावरची बॅग खाली काढली आणि पलंगावर ठेवली. उघडली नाही, नुसती ठेवली. मला बघायचं होतं तुम्ही काय म्हणता. तुम्ही दारात आलात. बॅगेकडे बघितलंत. माझ्याकडे बघितलंत. घसा साफ केलात. मी मनातल्या मनात म्हटलं, आता विचारतील. एकदा विचारा, मी बॅग वर टाकते.

तुम्ही म्हणालात, "तो ड्यूक... ज्याचं मृत्युपत्र होतं... त्याचं पुढं काय झालं?"

काय राग आला होता मला! आई गेली, बायको चाललीय, आणि या माणसाला ड्यूक पडलाय. तरी मी चहा टाकला आणि सांगायला बसले. दोन दिवस बॅग पलंगावर होती, तिसऱ्या दिवशी मी ती परत कपाटावर चढवली. त्या आठवड्यात कंपनीकडून फ्लॅटच्या मुदतवाढीचा फॉर्म आला, "पत्नी" या रकान्यात माझं नाव भरून तुम्ही माझ्यासमोर ठेवलात. मी सही केली. आता सांगा, मी काय समजायचं?

आणि तो एसी! आपण एका खोलीत आलो कसे, हे कुणाला सांगायची सोय नाही, पण तुम्हाला सांगायला काय हरकत आहे. ऑगस्ट महिना, बाहेरच्या खोलीतला एसी बंद पडला. तुम्ही उशी घेऊन दारात उभे. "काँप्रेसर गेलाय," म्हणालात, माझ्याकडे न बघता. मी सरकले. उम्म अल हस्सममधल्या निम्म्या बिल्डिंगांचे एसी तुम्ही एका तासात चालू करायचात. कंपनीत एसीचेच फोरमन तुम्ही. आणि स्वतःच्या घरातला काँप्रेसर तीन वर्षं मिळाला नाही? "पार्ट येत नाही," म्हणायचात. "सिंगापूरहून येतो." मी कधी खोदून विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही कदाचित दुरुस्त केला असतात.

आपलं एकच भांडण राहिलंय, ते त्या मृत्युपत्रवाल्या पुस्तकावरचं. ड्यूकनं तिला शब्द दिलेला असतो, वर्ष झालं की नदीकाठचं छोटं घर तुझ्या नावावर. वर्ष संपतं. ती म्हणते, घर दाखवा. तो म्हणतो, छप्पर गळतंय, दुरुस्ती चाललीय. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. हे ऐकून तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत.

"छप्पर गळत नव्हतंच," म्हणालात.

"म्हणजे खोटं बोलला तो?"

"खोटं म्हणजे... तिला जाऊ द्यायचं नव्हतं त्याला."

"मग तसं सांगायचं. तोंड नव्हतं?"

"शब्द दिला होता ना, अडवणार नाही म्हणून."

"अहो, अडवणं वेगळं, विचारणं वेगळं. आणि इतके दिवस काही नाही, मग दोनशेव्या पानावर एकदम प्रेम? लेखिकेची सोय आहे ती. पुस्तक संपवायचंय तिला."

"पहिल्या दिवसापासूनच असणार त्याचं," तुम्ही म्हणालात. "नाहीतर एवढ्या बायका होत्या, हीच कशाला?"

"हिला जायला जागा नव्हती म्हणून! जिला जागा नसते ती अटी घालत नाही." मी फटकन बोलून गेले. मग तुम्ही इतकंच म्हणालात, "शेवट आज नको. राहू दे." मी पुस्तक मिटलं. त्यानंतर कुठल्याच पुस्तकाचा शेवट तुम्ही ऐकला नाहीत. पंधरा वीस पानं उरली की म्हणायचात, दुसरं घे. मला वाटलं, कंटाळले. पुरुषांना लग्नाच्या गोष्टी किती दिवस गोड लागणार?

मग त्या मंगळवारी तुम्ही जेवणाच्या सुट्टीत हिद्दच्या वर्कशॉपमध्ये बसल्या जागी कलंडलात. मला फोन आला तेव्हा सगळं खलास झालं होतं. बायका कबरस्तानात जात नाहीत. तुम्हाला घरी आणलं, मी तोंड बघितलं, अर्ध्या तासात घेऊन गेले. मी रडले नाही तेव्हा. भाभी म्हणाली, रडा, रडा. आता रडते. सकाळी भांडी घासताना, दुपारी चहाच्या वेळेला, दोन कप काढले जातात तेव्हा. मला तुमची फार आठवण येते. तुमचा राग येतो आणि आठवण येते, दोन्ही एकदमच येतं, आणि कशासाठी रडतेय हे मला सांगता येत नाही. ज्या माणसानं सहा वर्षांत माझ्यावर एकदा हात उगारला नाही, एकदा माझ्या माहेराचं काढलं नाही, ज्याच्या घरात मी निर्धास्त झोपले, त्याला तो मेल्यावरही मी सोडत नाहीये. अल्ला मला माफ करो.

भाईजानचा फोन येतो दर जुम्म्याला. "इद्दत संपली की तिकीट काढतो. व्हिसा काय तो कॅन्सल होईल, फ्लॅट कंपनी घेईल." कंपनीनं इद्दतीपर्यंत राहा म्हटलंय, मेहरबानी त्यांची. मी भाईजानला हो म्हणते. पण जायच्या आधी मला कळायला हवं होतं, मी कुणाच्या घरून चाललेय. नवऱ्याच्या, की नोकरीच्या?

काल दुपारी बेल वाजली. "वैनी, म्या बबन. गाडीवाला."

तुमची ती कंपनीची व्हॅन चालवणारा, साताऱ्याकडचा. सहा वर्षं नाव ऐकलं होतं, आवाज पहिल्यांदा ऐकला. तुमच्या लॉकरमधलं सामान आणलं होतं त्यानं. मी दार चार बोटं उघडं ठेवलं आणि आतून म्हटलं, "तिथंच ठेवा, भाऊ." त्यानं ठेवलं. पण पाय निघेना त्याचा.

"गाडी लई सुनी वाटती वैनी. आता कोन गोष्ट सांगनार?"

"कसली गोष्ट?"

"ते ड्यूकची. हितनं हिद्दपर्यंत रोज. पठान, दोन मलबारी, म्या, समदे कान लावून. हसनभाई हिंदीत सांगायचे. म्हनायचे, घरातनं ऐकून आलोय. साठ पासष्ट ड्यूक झाले असतील बघा. पर पुढं पुढं येकच ड्यूक चालू ऱ्हायला."

मला वाटलं, याला कुणी तरी पाठवलंय. विधवेला बरं वाटावं म्हणून लोक काय वाटेल ते सांगतात. मी खुर्ची दाराजवळ ओढली.

"काय होतं त्या ड्यूकचं?"

"बायको लई शक्की हुती त्याची!" बबन हसला, मग बहुतेक चूक वाटली म्हणून सावरला. "म्हंजी गोष्टीत. ड्यूक मासळी घिऊन आला की वास घ्यायची पिशवीचा. मलबारी म्हनायचे, लंडन में ड्यूक मछली लाता है क्या? हसनभाई म्हनायचे, लाता है, लाता है."

मासळीचं शेजारपाजाऱ्यांनाही ठाऊक असेल. बिल्डिंगच्या भिंती पातळ आहेत. मी विचारलं, "मग? पुढं काय केलं ड्यूकनं?"

"कायबी न्हाई वैनी! त्योच तर घोळ. रोज दारापत्तूर जायचा आन माघारी फिरायचा. तिला म्हनायचं हुतं, ऱ्हा, जाऊ नगंस. पठान वरडायचा, अरे पूछ ना यार! हसनभाई म्हनायचे, पूछा और वो गई, तो? त्याला वाटायचं, हिला जायाला जागा न्हाई म्हनून थांबलीया. उद्या जागा झाली की जानार. तवा कशाला इचारायचं? न इचारता जेवडे दिस मिळत्यात तेवडे बरे."

तरी मी मनात म्हटलं, हे कुठल्याही पुस्तकात असतं. साठ पुस्तकांत हेच असतं. तुम्ही माझंच ऐकलेलं पुढं सांगितलं असेल.

"आन मंग त्ये पत्राचं," बबन म्हणाला. "तिनं गावाकडच्या शाळंला पत्र लिवलं आन ड्यूकच्याच हातात दिलं, पेटीत टाकायला. पाकीट उघडं हुतं म्हनं, डिंक न्हवता घरात. समदी गाडी वरडाय लागली, खोलो! पढो! हसनभाई म्हनाले, दुसऱ्याचं पत्र कसं वाचायचं? ड्यूकला वाटलं, झालं, आता ही नोकरी मागतीया, आता जानार. पर चिकटवलं आन टाकलं त्यानं. शब्द दिला हुता ना अडवनार न्हाई म्हनून. त्या दिसापासनं वाट बघत बसला."

हे कुठल्याही पुस्तकात नाही, अहो. लंडनच्या कुठल्या डचेसनं हायस्कूलला पत्र लिहिलंय? त्या पत्राचं तुम्हाला आणि मला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

"वैनी, येक इचारू?" बबनचा आवाज खाली आला. "आमचं गाडीत लई भांडान व्हायचं. पठान म्हनायचा ती जानार, म्या म्हनायचो न्हाई जानार. हसनभाई शेवट सांगंनात. म्हनायचे, अजून वाचून व्हायचंय. तुमी वाचलं असंल की. ती गेली का ओ शेवटी?"

मी खुर्चीवरून उठले आणि दाराला हात टेकला.

"नाही गेली," मी म्हटलं.

"बघा! म्या म्हनलं हुतं त्येंला," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

आता माझं ऐका. आज तरी मध्येच थांबवू नका.

अम्मा गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी हेडमास्तरांचं पत्र आलं होतं. इंग्रजीची जागा कायम झाली, तुमच्याइतकं चांगलं कुणी शिकवलं नाही, शाळेच्या आवारात राहायला खोलीही देतो, या. म्हणजे मला जायला जागा होती. चांगली जागा होती, कुणाच्या मधल्या खोलीची गरज नव्हती. मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही "बरं" म्हणाला असतात आणि तिकीट आणलं असतंत, ही माझी खात्री होती. आणि तुम्ही विचारलं असतंत, थांब, तर मी काय म्हटलं असतं तेही मला ठाऊक आहे. म्हटलं असतं, "का? फ्लॅट जाईल म्हणून?" तेच तुम्हालाही ठाऊक होतं. या जिभेपुढं कोण विचारणार? माझ्याच संशयानं तुमचं तोंड बांधलं होतं, आणि मी सहा वर्षं तुम्हालाच मुका समजत होते.

मी हेडमास्तरांना चार ओळी लिहिल्या. स्वच्छ मराठीत, मोठ्या अक्षरात, तुम्हालाही चष्म्याशिवाय वाचता आल्या असत्या. "आपली आभारी आहे. पण मला येता येणार नाही. माझं घर आता इथं आहे, आणि माझे मालक मला सोडून एक दिवसही नीट जेवत नाहीत. मलाही त्यांच्याशिवाय करमत नाही." घडी घातली, पाकिटात सरकवली आणि तुमच्या हातात दिली. तुम्ही दारात बूट घालत होतात. "काही महत्त्वाचं आहे का?" विचारलंत. मी म्हटलं, "नाही, शाळेचं जुनं काम आहे."

उघडं पाकीट होतं, अहो. हिद्दपर्यंत अर्ध्या तासाची वाट होती. तुमच्या जागी मी असते ना, तर वाचलं असतं.